पुडीवरचे नाव

बेळगावात ज्यांचे बालपण पन्नास-साठ वर्षांपूर्वी गेले, त्यांना दवाखान्यातली ती छोटी खिडकी आठवत असेलच. डॉक्टर आतल्या खोलीत नाडी बघत, जीभ बघत आणि चिठोऱ्यावर काहीतरी खरडून देत. ती चिठ्ठी आणि घरून धुऊन आणलेली रिकामी बाटली खिडकीतून आत द्यायची आणि बाकावर बसून वाट बघायची. आतून खलाचा आवाज येई. थोड्या वेळाने कंपाउंडर गुलाबी औषधाने भरलेली बाटली फळीवर ठेवी. तिच्या कडेला कातरलेल्या कागदाची पट्टी खळीने चिकटवलेली असे. एका खाचेला एक डोस. शेजारी पांढऱ्या कागदाच्या सहा पुड्या. "पुडी मधातून, जेवल्यावर. उद्या ताप उतरला नाही तर घेऊन या याला," असे तो माझ्या आईला मराठीत सांगे, आणि लगेच मागच्या बाकावरच्या आजींना त्यांच्या पुड्या कन्नडमध्ये समजावून देई.

त्या पुडीत तीन गोष्टी एकत्र बांधलेल्या असत: औषध कोणाचे, किती आणि केव्हा घ्यायचे. चौथी गोष्ट पुडीत दिसत नसे. देणारा माणूस घेणाऱ्याला ओळखत असे.

आज जगातल्या अनेक देशांत ही पुडी यंत्र बांधते. त्या यंत्रामागे संगणकाचे सॉफ्टवेअर असते. रुग्णाचे नाव, तारीख, वेळ आणि त्या वेळेच्या सगळ्या गोळ्या एका लहानशा पाकिटात बंद होतात. अशा पाकिटांची एक लांब माळ तयार होते. सकाळचे पाकीट फाडायचे, गोळ्या घ्यायच्या. रात्री पुढचे फाडायचे. कंपाउंडरचे काम यंत्राने कसे शिकून घेतले, आणि त्यातले काय त्याला अजून शिकता आलेले नाही, याची ही हकीकत आहे. आपल्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांशी तिचा जवळचा संबंध आहे, म्हणून ती येथे सांगावीशी वाटली.

पुडी मागे पडली ती गोळीमुळे. विल्यम ब्रॉकडन हा मूळचा इंग्रज चित्रकार. पेन्सिलीसाठी चांगले ग्रॅफाइट मिळेना, म्हणून त्याची पूड साच्यात दाबून वडी करण्याची युक्ती त्याने काढली. १८४३ साली त्याने पेटंट घेतले तेव्हा त्यात औषधाच्या गोळ्याही घातल्या. पुढे कारखाने निघाले आणि लाखो गोळ्या एकाच वजनाच्या, एकाच आकाराच्या निघू लागल्या. हा फायदा फार मोठा होता. कंपाउंडरच्या हाताचे वजन दर वेळी सारखेच पडेल याची खात्री कोण देणार? आपल्याकडे १९४८ साली फार्मसी कायदा झाला, नोंदणी झालेले शिक्षित औषधविक्रेते आले, आणि हळूहळू मिक्श्चरच्या बाटलीची जागा चकचकीत पट्टीने घेतली.

पण कारखान्याला माणूस दिसत नाही. दहा गोळ्यांची पट्टी सगळ्यांना सारखीच. कोणी कोणती, किती, केव्हा घ्यायची, ही वाटणी पूर्वी खिडकीच्या आत होत असे. ती आता घरातल्या टेबलावर येऊन पडली. हिशेब करून बघा. एखाद्या आजोबांना पाच औषधे आहेत. तीन दिवसातून एकदा आणि दोन दिवसातून दोनदा. म्हणजे रोजच्या सात गोळ्या, महिन्याला दोनशे दहा. दोनशे दहा वेळा योग्य पट्टीतली योग्य गोळी योग्य वेळी काढायची, आणि तीही मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटले आहे की, विकसित देशांतसुद्धा दीर्घ मुदतीच्या आजारांची औषधे सांगितल्याप्रमाणे घेणारे रुग्ण सरासरी निम्मेच असतात. यात नुसता आळस नाही. हे काम मुळातच अवघड आहे.

त्यावर एक साधा तोडगा अमेरिकेतल्या एका नवऱ्याला सुचला. १९६० साली तेथे संततिनियमनाच्या गोळीला मान्यता मिळाली. ती ठरावीक दिवस रोज घ्यायची, मग काही दिवस थांबायचे, पुन्हा सुरू करायची. इलिनॉय राज्यातले डेव्हिड वॅग्नर आणि त्यांची पत्नी डोरिस यांना चार मुले होती, आणि आजची गोळी घेतली की नाही यावरून घरात कधीकधी वाद होई. वॅग्नर हे व्यवसायाने इंजिनिअर. त्यांनी एका कागदावर आठवड्याचे वार लिहून प्रत्येक वारावर एक गोळी ठेवली. चार दिवस बरे गेले. मग कागद खाली पडला आणि गोळ्या जमिनीवर विखुरल्या. तेव्हा त्यांनी १९६२ साली प्लॅस्टिकच्या गोल चकत्या घेऊन फिरणारी डबी बनवली. वार पुढे सरकला की एक गोळी बाहेर, आणि रिकामे भोक सांगणार की आजची घेतली. पुढच्याच वर्षी तशी डबी बाजारात आली. त्या पहिल्या डबीचा नमुना आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. औषधाच्या वेष्टनानेच आठवण करून द्यायची, ही कल्पना तेथून घराघरांत पोचली.

रुग्णालयांत याच सुमारास दुसरा शोध चालला होता. तेव्हा वॉर्डात औषधांच्या मोठ्या बाटल्या असत आणि परिचारिका त्यांतून काढून प्रत्येक रुग्णासाठी छोट्या पेल्यांत गोळ्या मांडीत. केनेथ बार्कर या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने १९६२ साली सहकाऱ्यासह एक अभ्यास प्रसिद्ध केला. औषधे दिली जात असताना त्यांनी प्रत्यक्ष उभे राहून पाहिले. सुमारे दर सहा डोसांमागे एक चूक आढळली. यांतल्या सगळ्याच काही जिवावरच्या नव्हत्या. पण रुग्णालयाच्या दप्तरात नोंदल्या गेलेल्या चुका याच्या मानाने नगण्य होत्या. चूक लपवली जात होती असे नव्हे, ती चूक करणाऱ्याला कळतच नव्हती. या आणि अशा अभ्यासांतून एक नवी रीत आली: औषधालयानेच प्रत्येक डोस वेगळा बांधून, त्यावर नाव लिहून वॉर्डात पाठवायचा. म्हणजे नव्या नावाने जुनी पुडीच परत आली होती.

मात्र हजार खाटांच्या रुग्णालयात रोज हजारो पुड्या हाताने कोण बांधणार? येथे जपान पुढे आला. त्या देशात चूर्णाच्या पुड्यांची सवय आजही मोडलेली नाही, आणि एका वेळेच्या सगळ्या गोळ्या एका पुडीत देण्याची पद्धत तेथे रुळली होती. युयामा, तोशो, सान्यो अशा जपानी कंपन्यांनी त्यासाठी यंत्रे बनवली. रचना समजायला सोपी आहे. कपाटाएवढ्या यंत्रात शेकडो डबे, प्रत्येक डब्यात एकच औषध. डब्याच्या तळाशी एक चाक, आणि त्याच्या खाचा बरोबर त्या गोळीच्या मापाच्या. चाक एक घर फिरले की एकच गोळी खाली पडते. वेगवेगळ्या डब्यांतून पडलेल्या गोळ्या एका नरसाळ्यातून कागदी पाकिटात उतरतात, पाकिटावर नाव आणि वेळ छापली जाते, उष्णतेने कडा बंद होतात. नव्या पद्धतीत कॅमेरा प्रत्येक पाकिटाचा फोटो काढून गोळ्यांचे रंग, आकार आणि संख्या तपासतो.

चाक फिरवणे हा यातला सोपा भाग. कोणते चाक केव्हा फिरवायचे हे ठरवणारे सॉफ्टवेअर लिहिताना लक्षात आले की, कंपाउंडर न बोलता किती गोष्टी सांभाळत होता. 'दिवसातून दोनदा' एवढे माणसाला पुरते. यंत्राला सकाळी आठ आणि रात्री आठ असे सांगावे लागते. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची, म्हणून तिचे पाकीट वेगळे आणि सर्वांत आधीचे. 'दुखल्यास घ्यावी' ही गोळी माळेत घालताच येत नाही, कारण दुखणे तारीख सांगून येत नाही. छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी मूळच्या काचेच्या बाटलीतून काढून ठेवायची नसते. फिट्सवरच्या काही गोळ्या हवेतला ओलावा ओढून घेतात. वॉरफेरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचे प्रमाण रक्ततपासणीप्रमाणे बदलत राहते. आणि सांधेदुखीसाठी दिलेली मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतल्याने माणसे दगावल्याच्या घटना अनेक देशांत नोंदल्या गेल्या आहेत. सॉफ्टवेअरने 'एकदा' हा शब्द वाचला आणि 'आठवड्यातून' विसरले, तर विषच माळेत ओवले जाईल.

शिवाय तीन डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्या तीन वेगळ्या तारखांना संपतात. त्या एका तारखेला आणून बसवायच्या. महिन्याच्या मध्यात डॉक्टरांनी एक गोळी बंद केली, तर उरलेली सगळी माळ परत घेऊन नवी करायची. अमेरिकेत २०१३ साली टी. जे. पार्कर आणि इलियट कोहेन यांनी पिलपॅक नावाची कंपनी काढली, ती नेमकी याच कामासाठी. पार्कर हे औषधविक्रेत्याचे चिरंजीव. पोरवयात ते वडिलांच्या दुकानातली औषधे घरोघरी पोचवीत. पाकिटे बांधणारी यंत्रे तर बाजारात मिळत होतीच. कंपनीचे मोठे भांडवल होते ते डॉक्टर, विमा कंपनी आणि रुग्ण यांच्या तारखा जुळवणारे, स्वतः घडवलेले सॉफ्टवेअर. २०१८ साली अ‍ॅमेझॉनने ही कंपनी विकत घेतली. बातम्यांनुसार किंमत सुमारे पंचाहत्तर कोटी डॉलर होती. पुडी बांधण्याच्या कलेला एवढा भाव येईल, हे आमच्या कंपाउंडरला सांगितले असते तर त्याने चष्म्यावरून नुसते बघितले असते.

पाकीट बरोबर बांधले गेले, तरी ते बरोबर माणसाच्या हातात पडले पाहिजे. हे कोडे सोडवले एका परिचारिकेने. अमेरिकेतल्या टोपेका गावी माजी सैनिकांच्या रुग्णालयात सू किनिक काम करीत. १९९२ साली त्या भाड्याची मोटार परत करायला गेल्या. तेथल्या माणसाने हातातल्या यंत्राने गाडीवरचा बारकोड टिपला आणि क्षणात हिशेब पुरा केला. मोटारीसाठी हे करता येते, तर औषधासाठी का नाही? त्यांच्या आग्रहातून रुग्णाच्या मनगटावरच्या पट्टीवर एक बारकोड आणि औषधाच्या पाकिटावर दुसरा, अशी रीत आली. दोन्ही जुळले तरच औषध द्यायचे. सन २०००च्या सुमारास माजी सैनिकांच्या रुग्णालयांत ती देशभर पसरली. ती पसरलेली बघायला सू किनिक मात्र हयात नव्हत्या.

इतके सगळे पहारे बसवल्यावर चूक कोठून शिरणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. याचे उत्तर २०१३च्या जुलै महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयात मिळाले. रॉबर्ट वॉच्टर या तेथल्याच डॉक्टरांनी, रुग्णालयाच्या संमतीने, ती हकीकत आपल्या २०१५च्या पुस्तकात सविस्तर लिहिली आहे. सोळा वर्षांच्या एका मुलाला एका प्रतिजैविकाची एक गोळी, म्हणजे १६० मिलिग्रॅम, द्यायची होती. मुलाचे वजन ३८.६ किलो. संगणकात आकडा भरण्याच्या दोन रीती होत्या: एकूण मिलिग्रॅम, किंवा वजनाच्या दर किलोमागे मिलिग्रॅम. पडद्यावर दुसरी रीत निवडलेली होती. डॉक्टरांनी १६० लिहिले. संगणकाने त्याला वजनाने गुणले. एका गोळीच्या साडेअडतीस गोळ्या झाल्या.

संगणकाने धोक्याची सूचना दिली होती. पण तसल्या सूचना दिवसभर इतक्या येत की, डॉक्टरांनी ती बाजूला सारली. औषधालयातही तसेच झाले. मग पाकिटे बांधणाऱ्या यंत्राने अत्यंत अचूकपणे साडेअडतीस गोळ्या बांधल्या. परिचारिकेला आश्चर्य वाटले. पण तिने बारकोड टिपला, आणि यंत्र म्हणाले, बरोबर आहे. मुलाने सगळ्या गोळ्या घेतल्या. काही तासांनी त्याला झटके आले. सुदैवाने तो वाचला.

येथे यंत्राकडून काहीच चुकले नव्हते, हे नीट ध्यानात घ्यायला हवे. त्याला जे सांगितले तेच त्याने केले. आमचा कंपाउंडर एका पोरासाठी साडेअडतीस गोळ्या मोजायला बसला असता, तर दहाव्या गोळीला उठून आत गेला असता आणि डॉक्टरांना विचारता झाला असता, "साहेब, हे काय?" संशय येणे हाही औषध देण्याच्या विद्येचाच भाग आहे, आणि बारकोडने हिरवा दिवा दाखवला की तो संशय विझतो.

दुसरा धडा स्वीडनचा. त्या देशात वृद्धांना दोन-दोन आठवड्यांच्या माळा देण्याची सोय १९८०च्या दशकापासून आहे. २००८ साली तेथल्या संशोधकांनी पंचाहत्तर वर्षांवरच्या सात लाखांहून अधिक माणसांच्या औषधांच्या नोंदी तपासल्या. ज्यांना माळा मिळत होत्या, त्यांच्या औषधांत वयाला न मानवणारी किंवा एकमेकांशी न पटणारी औषधे जास्त आढळली. माळा घेणारे मुळातच अधिक आजारी असतात, हे एक कारण असू शकते. पण दुसरी शंकाही तेथील अभ्यासकांनी मांडली आहे: पूर्ण यादी एका बटणासरशी पुढे चालू ठेवता येते, तेव्हा यातली कोणती गोळी आता बंद करावी हा विचार कोणी करीत नाही. सुबक बांधलेली पुडी सोडून बघायला हात धजत नाही.

आता आपल्याकडे वळू. ही यंत्रे आपल्या औषधदुकानांत सर्रास दिसत नाहीत, याला पैशाखेरीज आणखी एक कारण आहे. अमेरिकेत दुकानदाराला गोळ्या मोठ्या बाटल्यांतून सुट्या मिळतात. त्या थेट डब्यात ओतता येतात. आपल्याकडे त्या पट्टीत येतात. आणि एकच औषध इतक्या कंपन्या इतक्या आकारांत बनवतात की, आज या कंपनीची गोळी घातली आणि उद्या त्या कंपनीची, तर चाकाची खाचच जुळायची नाही. तेव्हा आपला औषधवाला कात्रीने पट्टी कापतो, खाकी पाकिटात टाकतो आणि वर बॉलपेनने रेघा ओढतो. अनेकदा कापताना मुदतीची तारीख दुसऱ्या तुकड्यावर राहून जाते.

या रेघांच्या भरवशावर आमच्या घरात काय झाले ते सांगतो. माझी मावशी रुग्णालयातून घरी आली, तेव्हा तिला रक्तदाबाची नवी गोळी दिली होती. जुनी गोळी घरी होतीच. दोन पट्ट्या, दोन नावे, दोन रंग. मावशीचे वाचन मराठी, पट्ट्या इंग्रजीत, आणि घरी जाताना दिलेल्या सूचना कन्नडमध्ये. तिने मान डोलावली होती. तिने दोन्ही गोळ्या इमानाने घेतल्या. पंधरा दिवसांत पाय सुजले आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. शेजारचे एक निवृत्त औषधविक्रेते चहाला आले होते. त्यांनी दोन्ही पट्ट्या उलट्या करून बारीक अक्षरे वाचली आणि म्हणाले, "अहो, नावं दोन आहेत, आत औषध एकच आहे. अ‍ॅम्लोडिपिन." डॉक्टरांना विचारून एक पट्टी बंद झाली.

ही चूक सॉफ्टवेअरने एका क्षणात पकडली असती. दोन व्यापारी नावांखाली एकच औषध आहे, हे ताडून बघणे संगणकाच्या हातचा मळ आहे. अट एवढीच, की दोन्ही पट्ट्यांची माहिती त्याला असली पाहिजे. म्हणून यंत्राला नाके मुरडण्यात अर्थ नाही. दोनशे दहा गोळ्या न चुकता मोजण्याचे काम त्याने खुशाल करावे. शेजाऱ्यांसारख्या माणसाला त्या मोजणीतून मोकळे करावे, म्हणजे तो मावशीला तिच्या भाषेत विचारू शकेल: काय होतंय? पाय केव्हापासून सुजलेत?

आणि भाषेचे काय? पाकिटावर नाव आणि वेळ छापणारे सॉफ्टवेअर असते. त्याला रोमन लिपी जितकी परकी, तितकीच देवनागरी आणि तितकीच कन्नड. खिळे जुळवण्याचा काळ गेला. एकाच दुकानातून एका माळेवर 'सकाळी, जेवणानंतर' असे मराठीत आणि पुढच्या माळेवर तेच कन्नडमध्ये छापायला जादा कागद लागत नाही, जादा शाई लागत नाही. कोणीतरी तशी मागणी करावी लागते आणि कोणीतरी ती सूचना लिहावी लागते. आपल्या भागातली कितीतरी मुले आज बंगळूरला, पुण्याला सॉफ्टवेअर लिहितात. त्यांच्यापैकी एखाद्याच्या पुढ्यात असे काम येईल, तेव्हा त्याने भाषेचा रकाना रिकामा सोडू नये.

तोवर घरच्या घरी एक काम करण्याजोगे आहे. दिवाळीत मुले-लेकी-सुना घरी येतात. एका दुपारी आई-वडिलांच्या सगळ्या पट्ट्या टेबलावर मांडाव्यात, मागची बारीक अक्षरे वाचून काढावीत, आणि एका कागदावर मोठ्या अक्षरांत, त्यांना वाचता येईल अशा भाषेत लिहावे: गोळी कोणती, कशासाठी, केव्हा. शंका आली तर परस्पर काही बंद न करता तो कागद डॉक्टरांना दाखवावा. मावशीच्या कपाटाच्या दारावर तसा कागद आता चिकटवलेला आहे. वरती तिचे नाव आहे. ते तिने स्वतःच्या हाताने लिहिले आहे.